नागपूरची वटवाघूळ-विद्या

नागपूरचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे वक्ता बहुधा बख्त बुलंदापासून आरंभ करतो, रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्या सांगतो, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईपाशी थोडा थांबतो, आणि १९२० ची काँग्रेस व १९२३ चा झेंडा सत्याग्रह सांगून खाली बसतो. यात गैर काहीच नाही. परंतु ज्या १९२३ साली या शहराच्या रस्त्यांवरून तिरंगी झेंडे घेऊन माणसे तुरुंगात गेली, त्याच साली या शहरात विद्यापीठ स्थापन झाले, ही गोष्ट आम्ही जवळजवळ टाचणासारखी उच्चारतो. विद्यापीठाच्या इमारतींचा, कुलगुरूंचा आणि समारंभांचा इतिहास कोणी ना कोणी लिहून ठेवतोच. मात्र त्या विद्यापीठाच्या छत्राखाली, एका सरकारी कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दोन-तीन पिढ्यांच्या अध्यापकांनी काय केले हे नागपुरात फारसे कोणास ठाऊक नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या वटवाघूळशास्त्रज्ञांना मात्र ते चांगले ठाऊक आहे. आज आम्ही त्याच अध्यापकांविषयी बोलणार आहोत.

विषय वटवाघळांचा आहे. श्रोत्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल तर त्यात त्यांचा दोष नाही. वटवाघूळ अशुभ, वटवाघूळ केसांत अडकते, वटवाघूळ धड पक्षी नव्हे की धड पशू नव्हे, अशा समजुतींत आपण सारेच वाढलो. आपल्या भाषेने तेवढा एक उपकार केला आहे की, पिंपळावर आणि वडावर उलटी लोंबणारी मोठी ती वटवाघळे किंवा वाघळे, आणि देवळाच्या गाभाऱ्यात, पडक्या किल्ल्यात, घराच्या वळचणीला राहून किडे खाणाऱ्या लहान त्या पाकोळ्या, असा भेद तिने केला आहे. शास्त्रानेही बराच काळ हाच भेद मानला. त्याचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

अध्यापकाने वर्ग सांभाळून सृष्टीचा अभ्यास करावा, ही परंपरा नागपुरात सायन्स कॉलेजाहून जुनी आहे. तिचा पहिला पुरुष स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला, पुढच्या साली त्याने शाळा उघडली, आणि तिच्याच नावाचा विस्तार होऊन १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. धर्मप्रचार हे त्याचे काम होते, आणि त्याविषयी ज्याचे त्याने मत बनवावे. पण शाळेच्या वेळेबाहेर हा मनुष्य टाकळीच्या आणि सीताबर्डीच्या दगडांत शिंपले, बिया आणि किड्यांचे पंख शोधत फिरे. त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने नागपूरच्या आसमंतातील भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात आला. जिवंत प्राण्यांकडेही त्याचे लक्ष होते. गोड्या पाण्यात दगडांवर पापुद्र्यासारखा पसरणारा एक सूक्ष्म प्राणी त्याने धाडला, त्याचे वर्णन मुंबईचे डॉक्टर कार्टर यांनी १८५८ साली केले, आणि त्याला 'हिस्लॉपिया' हे नाव दिले. नागपूरच्या शाळामास्तराचे नाव असे प्राणिशास्त्राच्या यादीत कायमचे बसले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराच्या पाण्यात, हिस्लॉप बुडून मेला. वय पंचेचाळीस.

यानंतरचा काळ आम्ही झपाट्याने ओलांडतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपुरात व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स निघाले, तेच पुढे नुसते कॉलेज ऑफ सायन्स झाले आणि आज शासकीय विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. विज्ञानासाठी स्वतंत्र कॉलेज असावे हा विचार त्या काळी मध्यप्रांतासारख्या मागासलेल्या म्हटल्या जाणाऱ्या प्रांतात कृतीत उतरला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कॉलेज निघाले म्हणजे विज्ञान निघाले असे होत नाही. जीवशास्त्राचा वर्ग म्हणजे पार्कर आणि हॅसवेल या दोन ग्रंथकारांचे जाडजूड पुस्तक, मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून धरलेला बेडूक, आणि पेन्सिलीने काढलेल्या आकृत्यांची वही. पुस्तकातले प्राणी युरोपातल्या किनाऱ्यांचे, आणि हातातला प्राणी नाग नदीच्या काठचा. दोहोंचा मेळ बसत नसे. गांडूळसुद्धा पुस्तकातले निराळे आणि आपल्या शेतातले निराळे! ही अडचण ओळखूनच लखनौचे प्रा. बहल यांनी भारतीय प्राण्यांवर एकेक पुस्तिका काढण्याचा उपक्रम आरंभिला, आणि त्यांतली गांडुळावरची पहिली पुस्तिका १९२६ साली निघाली. आपल्या प्राण्यांचे ज्ञान आपणच मिळविले पाहिजे, ही जाणीव त्या पिढीच्या साऱ्याच अध्यापकांत होती. वनस्पतिशास्त्रात नागपूरच्या व्ही. बी. शुक्ल यांनी छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलान येथील दगडांतून एका प्राचीन फुलाचा शोध १९४४ साली प्रसिद्ध केला, आणि त्या फुलाला बिरबल सहानींच्या स्मरणार्थ नव्हे, तर त्यांच्या हयातीतच, त्यांचे नाव दिले. गंमत अशी की सहानींनी १९३४ साली त्याच ठिकाणच्या एका फळाचे वर्णन केले होते, आणि हे फूल त्या फळाचेच! फळ लखनौला आणि फूल नागपूरला, असा तो सहकार होता.

प्राणिशास्त्राच्या बाजूस असा पाया घालणारे अध्यापक म्हणजे प्रा. एम. ए. मोघे. त्यांनी अभ्यासाला घेतले ते वडावर लोंबणारे मोठे वाघूळ, ज्याला शास्त्रीय भाषेत टेरोपस म्हणतात. या वाघळाचा गर्भ कसा वाढतो आणि त्याची वार कशी बनते, यावरचा त्यांचा विस्तृत निबंध १९५१ साली लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. प्राणी निवडण्यातच अध्यापकाची दृष्टी दिसते. हा प्राणी फुकट मिळतो, गावोगाव मिळतो, त्यासाठी सरकारी अनुदान लागत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्याविषयी युरोपला काही ठाऊक नसते, कारण युरोपात तो नाही. युरोपातल्या लहान वटवाघळांचे गर्भ बेल्जियमच्या व्हान बेनेडेनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच पाहून ठेवले होते. उष्ण देशांतील वटवाघळांचे रान मोकळे होते. गरीब कॉलेजाने श्रीमंत प्रयोगशाळेशी जेथे बरोबरी करता येईल अशी जागा मोघ्यांनी शोधून काढली असे आम्हांस वाटते, आणि पुढील चाळीस वर्षांच्या कामाने ती निवड खरी ठरविली.

ते काम मुख्यतः ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते प्रा. ए. गोपालकृष्ण. त्यांचा पाकोळ्यांच्या गर्भविज्ञानावरील लेखमालेचा पहिला भाग १९४७ साली इंडियन अकॅडेमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तात आला. त्याचा विषय दक्षिण भारतातील स्कोटोफिलस ही पिवळसर पोटाची पाकोळी होता. त्यानंतर नागपूर हेच त्यांच्या कामाचे क्षेत्र झाले. १९५८ साली अमेरिकेतील 'जर्नल ऑफ मॉर्फॉलॉजी'मध्ये भारतीय पाकोळ्यांच्या गर्भवेष्टनांवरील चाळीस पानांचा निबंध आला. १९६० साली मोघे आणि गोपालकृष्ण या दोघांच्या नावांनी हिपोसिडेरॉस या पानासारख्या नाकाच्या पाकोळीवरचा निबंध जर्मनीत छापला गेला. एक पिढी दुसरीच्या हाती काम देत होती.

येथे थोडे थांबून, हे काम म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते सांगणे अवश्य आहे. 'संशोधन' हा शब्द सभेत पुष्कळदा ऐकू येतो. त्याला घामाचा वास असतो हे सांगितले जात नाही.

एखाद्या जातीच्या पाकोळीची वीण केव्हा होते हे कळावयाचे असेल तर वर्षभर, शक्य तर दर पंधरवड्यास, तिच्या वस्तीवर गेले पाहिजे. वस्ती म्हणजे पडका किल्ला, ओसाड देऊळ, भुयार, खडकातली कपार. तेथे शेकडो पाकोळ्या आणि खाली वर्षानुवर्षांच्या लेंड्यांचा थर. हवेत अमोनियाची उबट घाण अशी की डोळ्यांतून पाणी यावे. जाळ्याने काही प्राणी पकडावयाचे, नर किती, माद्या किती, प्रत्येकाचे वजन किती याची नोंद करावयाची. पंधरवडा चुकला तर गर्भाची एक अवस्था चुकते, आणि ती पुन्हा मिळण्यास पुढले वर्ष उजाडावे लागते. अशी एका जातीची पुरी मालिका जमविण्यास दोन-तीन वर्षे सहज जातात. मग ते इंद्रिय बूँच्या द्रावात टिकवावयाचे. पिक्रिक आम्लामुळे त्याचा रंग हळदीसारखा असतो, आणि ज्याने प्रयोगशाळेत हे काम केले त्याची बोटे पिवळी असतात. मग मद्यार्काच्या चढत्या पायऱ्यांतून पाणी काढून टाकावयाचे, वितळलेल्या मेणात भिजवावयाचे, आणि मेणाच्या ठोकळ्याचे यंत्राने काप पाडावयाचे. कापाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. आठ मिलिमीटर लांबीचा गर्भ आठ मायक्रॉनच्या कापांनी कापला तर एक हजार काप होतात. या हजारांतला एकही काप टाकावयाचा नाही, एकाचाही क्रम चुकवावयाचा नाही, कारण गर्भाशयाच्या भिंतीला गर्भ जेथे प्रथम चिकटतो ती जागा चार-दोन कापांतच दिसून जाते. आता हे काम नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात करावयाचे असे मनात आणा. मेण मऊ पडते, कापांची फीत दुमडते, चिकटते. अशा हवेत काप पहाटेच्या थंडाव्यात पाडावे लागतात.

मग ते काप रंगवून काचेवर चढवावयाचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहून, मनात त्यांची चळत पुन्हा रचून, तो गर्भ पुन्हा उभा करावयाचा. हे काम ज्याला जमते त्याला प्राणी आरपार दिसू लागतो. आणि हे पुस्तकातून येत नाही. गुरूच्या शेजारी बसून, त्याने बोट ठेवले तेथे डोळा लावूनच येते. गवयाचा मुलगा जसा तानपुऱ्यामागे बसून शिकतो, तसेच ते शिक्षण आहे.

म्हणूनच नागपूरच्या या निबंधांवर नावे जोडीने येतात. गोपालकृष्ण आणि चौधरी, गोपालकृष्ण आणि माधवन, गोपालकृष्ण आणि ठाकूर, गोपालकृष्ण आणि करीम, गोपालकृष्ण आणि बडवाईक, गोपालकृष्ण आणि चारी. नावे वाचत गेले की तीस-चाळीस वर्षांचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. एकेका विद्यार्थ्याला एकेक जात, किंवा एकेक इंद्रिय वाटून दिलेले. याचा लाभ असा की, सुटा सुटा पाहता किरकोळ वाटणारा प्रत्येक प्रबंध एका मोठ्या नकाशातला तुकडा असे. विद्यार्थ्याला पदवी मिळे आणि नकाशाचा एक कोपरा भरे. आपल्याकडे प्रबंध लिहून कपाटात ठेवण्याची जी चाल पडली आहे तिच्याशी ही ताडून पाहावी.

या नकाशातून काय दिसले? वटवाघळे एका साच्याची नाहीत, हे पहिल्याने दिसले. बऱ्याच कीटकभक्षी जाती वर्षातून एकदाच, आणि तेही पावसाळ्याच्या तोंडाशी, एकेक पिलू देतात. कारण उघड आहे. पाऊस पडला की किडे होतात, आणि पाजणाऱ्या आईला भरपूर अन्न लागते. पण टॅफोझस लाँगिमॅनस ही पाकोळी वर्षभर विते, आणि तिच्या गर्भाशयाच्या दोन शिंगांत आळीपाळीने गर्भ राहतो, हे गोपालकृष्णांनी १९५५ साली दाखविले. अगदी लहान पिपिस्ट्रेल, जी तळहाताच्या खळग्यात मावेल आणि वजनाने चार-पाच ग्रॅमांच्या आत, तीही बारा महिने विते, आणि बहुधा जुळी देते. गुहांत राहणाऱ्या रौसेटस या फळखाऊ वाघळाची गोष्ट आणखी निराळी. गोपालकृष्ण आणि चौधरी यांनी १९७७ साली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दाखविले की, ही मादी वर्षात दोनदा गाभण राहते. पहिले पिलू मार्चच्या सुमारास होते आणि ते अंगावर असतानाच दुसऱ्या गर्भाची तयारी होते. काही जातींत गर्भ नेहमी डाव्याच शिंगात, काहींत नेहमी उजव्याच शिंगात. एकाच गुहेच्या छताला शेजारी शेजारी लोंबणाऱ्या प्राण्यांत केवढे हे वैचित्र्य!

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. थंड देशांतील वटवाघळांविषयी जर्मन शास्त्रज्ञांनी १८७९ साली एक चमत्कारिक शोध लावला होता. नर-मादीचा संयोग होतो पानगळीच्या दिवसांत. मग सारी हिवाळाभर निद्रा घेतात. आणि मादीचे बीज परिपक्व होते वसंतात. तोवर नराच्या शुक्रपेशी मादीच्या शरीरात जिवंत राहतात. अमेरिकेतील विमसॅट यांनी १९४० नंतरच्या दशकात हे प्रयोगाने पक्के केले. साहजिकच समज असा झाला की ही थंडीची करामत आहे. शरीर गार पडते, म्हणून पेशी टिकतात. परंतु आपल्याकडे कोठली आली हिमनिद्रा? गोपालकृष्ण आणि माधवन यांनी १९७१ आणि १९७८ च्या निबंधांत, पिपिस्ट्रेल आणि स्कोटोफिलस या दोन भारतीय पाकोळ्यांत, शुक्रपेशी मादीच्या शरीरात अशाच टिकून राहतात हे दाखवून दिले. म्हणजे थंडी हे कारण पुरेसे नव्हे. मादीच्या शरीरातच त्यांचे पोषण करण्याची काही सोय असली पाहिजे. युरोपात बसून हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता. त्याला उष्ण देशच हवा होता.

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हा विषय निवडला.

मिनिऑप्टेरस नावाची एक पाकोळी आहे. महाबळेश्वरच्या गुहेत तिची मोठी वस्ती आहे. तिच्या पंखातील तिसऱ्या बोटाचे दुसरे पेर पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट लांब असते, आणि बसताना ती ते चाकूच्या पात्यासारखे आत दुमडून घेते. ही पाकोळी कोणत्या कुळातली? अमेरिकेच्या मिलर यांनी १९०७ साली साऱ्या वटवाघळांची जी घराणी लावली, तिच्यात हिला व्हेस्पर्टिलिओनिडी या मोठ्या घराण्यात, एक पोटशाखा म्हणून, ठेवले. हे घराणे म्हणजे पिपिस्ट्रेल, स्कोटोफिलस इत्यादिकांचे. सत्तर वर्षे बहुतेकांनी हेच मानले. १९७७ साली मेइन आणि तुपिनिये या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाताच्या एका बारीक अवशेषावरून हिचे घराणे स्वतंत्र असावे असे सुचविले, पण एका दातावरून घराणे फोडावयास फारसे कोणी तयार नव्हते.

नागपूरकरांजवळ मात्र दाताहून बळकट पुरावा होता. हिचे बीज बहुधा डाव्या बीजांडकोशातून निघते आणि गर्भ मात्र उजव्या शिंगात राहतो! गर्भ भिंतीला कोठे चिकटतो, गर्भवेष्टने कोणत्या क्रमाने घडतात, पीतककोशाचे पुढे काय होते, वारेची रचना कशी असते, अशा एकामागून एक लक्षणांत ही पाकोळी व्हेस्पर्टिलिओनिडी घराण्याशी जुळत नाही. गोपालकृष्ण आणि चारी यांनी १९८३ साली 'करंट सायन्स'मध्ये पाच पानांच्या लेखात ही सारी लक्षणे एकत्र मांडली, आणि मिनिऑप्टेरसला स्वतंत्र घराणे दिले पाहिजे असे म्हटले.

यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पंख, दात, कान, नाक ही पोटासाठी बदलतात. जो किडे खातो त्याचे दात एक तऱ्हेचे, जो फळे खातो त्याचे दुसऱ्या तऱ्हेचे. म्हणून दोन परके प्राणी एकाच धंद्यात पडले तर सारखे दिसू लागतात, आणि सख्खे भाऊ निराळ्या धंद्यांत गेले तर ओळखू येत नाहीत. पण गर्भाशयाच्या अंधारात किडेही नाहीत आणि फळेही नाहीत. तेथील रिवाज सावकाश बदलतात. घराण्याची जुनी वहिवाट जशी पंगतीपेक्षा देवघरात अधिक टिकते, तसेच हे आहे. अमेरिकेच्या मॉसमन यांनी १९३७ साली सस्तन प्राण्यांच्या गर्भवेष्टनांवर हाच विचार मोठ्या प्रमाणावर मांडला होता. नागपूरच्या मंडळींनी तो वटवाघळांच्या एकेका जातीवर कसून पाहिला, आणि करीम यांच्यासह गोपालकृष्णांनी १९७९ साली त्याचा जो आढावा इंग्लंडच्या प्रजनन-विज्ञानाच्या नियतकालिकात घेतला, तो पुढे वटवाघळांच्या वारेविषयी लिहिणाऱ्या पुष्कळांनी आधारास घेतला.

१९८३ च्या लेखाने जगात खळबळ उडाली असे म्हणणे खोटे होईल. असे लेख वाचले जातात, टिपणीत नोंदले जातात, आणि जुने वर्गीकरण चालू राहते. मग रेण्वीय विज्ञान आले. आनुवंशिक द्रव्याचीच अक्षरे वाचता येऊ लागली, तेव्हा घराण्यांचा न्याय करण्यास नवे न्यायालय मिळाले. २००३ साली हूफर आणि व्हान डेन बुशे यांनी, आणि २००७ साली मिलर-बटरवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, या पाकोळीच्या अनुवंश-अक्षरांची परीक्षा केली. निकाल असा लागला की, मिनिऑप्टेरस ही खरोखरच निराळ्या घराण्याची! आज मिनिऑप्टेरिडी हे कुळ सर्वत्र मान्य आहे, आणि या निर्णयाचा पूर्वेतिहास सांगताना दातवाल्या फ्रेंचांबरोबर १९८३ च्या या भारतीय लेखाचाही निर्देश होतो. मेणाचे काप आणि अनुवंशाची अक्षरे, वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने, एकाच जागी येऊन ठेपली.

मोठ्या वाघळांचे आणि पाकोळ्यांचे मूळ एक की दोन, हाही वाद १९८६ साली पेटिग्रू या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने उठविला. मेंदूतील नेत्ररज्जूंच्या रचनेवरून त्याने असे मांडले की, मोठी वाघळे ही आपल्या म्हणजे वानरांच्या गणगोतातली, आणि पाकोळ्या परक्या. कल्पना मोहक होती. परंतु गर्भवेष्टनांची साक्ष तिच्या विरुद्ध होती, आणि अनुवंशाची साक्षही पुढे विरुद्धच गेली. एवढेच नव्हे, तर हिपोसिडेरॉस आणि मेगाडर्मा यांसारख्या पाकोळ्या इतर पाकोळ्यांपेक्षा मोठ्या वाघळांनाच जवळच्या ठरल्या. वड आणि वळचण यांवरून आपल्या भाषेने केलेला भेद दिसण्यापुरता खरा, नात्याच्या दृष्टीने खरा नाही.

इतके सांगितल्यावर दोन कडू गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे गौरवग्रंथातले पान होईल. एक अशी की, या पद्धतीला प्राणी मारावे लागत. वर्षभर दर पंधरवड्यास एका वस्तीतून माद्या काढावयाच्या, म्हणजे वर्षाला एकच पिलू देणाऱ्या प्राण्यावर तो भार लहान नव्हे. त्या काळी जगभर सर्वत्र असेच चाले, आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारीत नसे. आज तसे काम करण्यास परवानगी मिळणार नाही, आणि मिळू नये असेच आमचे मत आहे. पण त्याचाच अर्थ असा होतो की, जी कापांची मालिका तेव्हा तयार झाली ती पुन्हा तयार होणार नाही. जेथे जेथे अशा जुन्या काचपट्ट्या असतील तेथे त्यांची निगा पुराभिलेखागारातील मोडी दप्तरांसारखी राखली पाहिजे. प्राणी तर गेले. निदान त्यांनी दिलेली साक्ष जाऊ नये.

दुसरी अशी की, जो रस्ता मोघ्यांनी निवडला त्याच्या कडेला पुष्कळ दारे होती, आणि ती बराच काळ बंदच राहिली. पाकोळ्या अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात हे अमेरिकेत ग्रिफिन यांनी १९४० च्या सुमारास सिद्ध केले होते. त्यांच्या बोलीचा, चालीरीतींचा, स्थलांतराचा अभ्यास अन्यत्र जोरात होता. नागपूरची शाळा मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखालीच राहिली. विद्युत्-सूक्ष्मदर्शक हाती आला तेव्हा तिच्यातूनच पुढे आलेल्या भिवगडे यांनी १९९० साली भारतीय वटवाघळांच्या वारेतील पडद्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, हे खरे. परंतु तोही त्याच दिशेचा पुढला टप्पा होता. एका खिडकीतून खोलवर पाहणाऱ्याला दुसरी खिडकी दिसत नाही, हा सर्वच गुरुकुलांचा धर्म आहे. गाण्यातल्या घराण्यांचेही असेच असते, आणि तेथे आपण त्याला दोष न म्हणता गुण म्हणतो.

या विद्येचा आपल्या व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न नागपूरचा सावध श्रोता विचारल्यावाचून राहणार नाही. २०१८ साली केरळात निपाह नावाचा ज्वर आला, आणि त्याचे विषाणू मोठ्या वाघळांत राहतात हे घरोघरी माहीत झाले. दोनच वर्षांनी करोनाच्या साथीत तर साऱ्याच वटवाघळांवर संशयाची नजर वळली, आणि काही ठिकाणी लोक त्यांची झाडे तोडण्यास निघाले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो हाच की, हे प्राणी केव्हा गाभण राहतात, केव्हा वितात, पिले केव्हा आईपासून सुटतात. वस्तीत कोवळी पिले वाढतात त्या ऋतूशी विषाणूंच्या फैलावाचा संबंध आहे काय, याचा शोध आज अनेक देशांत चालू आहे, आणि त्यासाठी विणीचे पंचांग लागते. भारतातील किती तरी जातींचे ते पंचांग नागपूरच्या या अध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पडक्या देवळांत आणि गुहांत पंधरवड्या-पंधरवड्याने जाऊन लिहून ठेवले आहे. त्यांच्या मनात तेव्हा कोणताही ज्वर नव्हता.

कायद्यात मात्र या प्राण्यांची गणना बराच काळ निराळ्या पंक्तीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणारी वाघळे पाचव्या परिशिष्टात, उंदीर आणि कावळे यांच्या शेजारी, उपद्रवी म्हणून घातली होती. त्यांना मारण्यास कोणाचीही मनाई नव्हती. ज्या वाघळांच्या गर्भावर मोघ्यांनी १९५१ साली लंडनमध्ये निबंध छापला ती याच यादीत होती, आणि फळांच्या बिया दूरवर पेरणारी, रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागण करणारी हीच. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली.